जाते म्हणायचं नाही

जयगडच्या रस्त्यावर आमचा काजूचा कारखाना आहे. तिथे चिमाकाकी दाराजवळच्या स्टुलावर बसायची. बिया फोडताना चिकाने हात भाजतात, म्हणून कामाआधी आम्हा प्रत्येकीच्या हातांना ती खोबरेल चोळायची. मालकाला तो वेळेचा खोळंबा वाटायचा. त्याचे हात कुठे भाजत होते!

संध्याकाळी मात्र तिचा जाच असायचा. निघताना कोणी चुकून "जाते" म्हटलं की ती परत बोलवायची, बसवून पाणी पाजायची आणि "येते" म्हटल्याशिवाय सोडायची नाही. माझी दोनदा एसटी चुकली.

गेल्या मे महिन्यात एका संध्याकाळी तीच उठली आणि म्हणाली, "जाते गो बायांनो."

आम्हाला आयतीच सापडली. हात धरून तिला परत बसवलं, पाणी पाजलं. हात थंडगार लागला, पण हसण्याच्या नादात कोणी मनावर घेतलं नाही.

"येते म्हण, काकी!"

तिने आम्हा एकेकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "येते."

घरी पोचून ती ओटीवर टेकली ती उठलीच नाही.

पुढच्या सोमवारी समीक्षा नावाची नवी मुलगी कामाला आली. तिचे हात आधीच तेलाने चमकत होते.

"कोणी लावलं गो?" मी विचारलं.

"दारातल्या काकींनी. किती दमल्यात त्या! त्यांना कोणी घरी का पाठवत नाही?"

त्या संध्याकाळी आम्ही सगळ्या रिकाम्या स्टुलासमोर उभ्या राहिलो. मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि हात जोडले.

"जाते म्हण, काकी."