शेवटच्या कडव्यातलं नाव

फुलवाती अर्ध्याच वळून झाल्या होत्या, तेवढ्यात धाकटी जाऊ विजया मोबाईल घेऊन आली. "अक्का, उकंडमामाचं उत्तर आलं. ऐका."

उकंडराव आमच्या गावात महादेवाच्या देवळात पेटी वाजवतात. औंढ्याकडच्या बायका घरी भजनं रचून मोबाईलवर म्हणतात, त्यांना पाठवतात, आणि ते काय चुकलं ते बोलून कळवतात. बदल्यात काही मागत नाहीत. मला शंका येते ती तिथंच. आजकाल फुकट कोण कुणाचं ऐकून घेतं?

मोबाईलमधून आवाज आला, "विजूबाई, तुमच्या कुकरची शिट्टी बराबर सुरात हाय, तुमीच खाली उतरून राहिल्या. दुसऱ्या कडव्यात दम घ्यायला जागाच न्हाई, एक शब्द काढा. आन् शेवटचं 'विजया म्हणे' बी काढा. ती जागा रिकामी ठेवा. सोमवारी देवळात मी म्हणतो."

कुकरचं ऐकून विजया पोट धरून हसली. मी मात्र अडकले. भजन कुणाचं, हे शेवटच्या कडव्यातल्या नावावरूनच कळतं. "नाव काहून काढायचं? उद्या तिथं 'उकंड म्हणे' बसलं तर?"

"अक्का, तुमी तर देवावर बी पहारा ठेवाल," ती म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला. आई गेल्यावर तिनं रचलेलं हे पहिलंच गाणं.

दुसऱ्या दिवशी बेल आणायचं निमित्त करून मी मुद्दाम उकंडरावांच्या दारावरून गेले. ओट्यावर बसून, मोबाईल कानाला लावून, गुडघ्यावर ताल धरून ते विजयाचीच चाल गुणगुणत होते. मला पाहून थांबले.

"काय मामा, नवी चाल बांधली?"

"माही न्हाई, माय. माही असती तं तुमी थांबल्या असत्या का ऐकायला?"

असं गोड बोलणारी माणसं मी पाहिलीत. सोमवारी विजयाला म्हटलं, "तू घरीच राह्य. तू समोर असलीस तर त्याचं खरं रूप दिसायचं न्हाई."

देवळात मी खांबाआड बसले. त्यांनी गाणं उचललं. दुसऱ्या कडव्यातला एक शब्द गेला होता, आणि खरं सांगते, ओळ मोकळी झाली होती. बायका डोलायला लागल्या. शेवटचं कडवं आलं. माझ्या हातातली माळ थांबली.

त्यांनी पेटीचा भाताच थांबवला. पेटी गप्प, नुसते टाळ चालू. "नाव रचणाऱ्यानंच घ्यायचं. घ्या, विजूबाई."

विजया तर घरी होती. टाळ फिरून आले. "लाजू नका, माय."

मी तिची जाऊ, म्हणून साऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. पण दुसरीचं नाव माझ्या तोंडून कसं घ्यायचं? शेवटी तेच म्हणाले, "अधुरं ऱ्हायलं. फुडच्या सोमवारी."

आरती झाल्यावर मी त्यांना पायरीवर गाठलं. "हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं की बाया येतच न्हाईत. मोबाईलमधी समद्या नाव घेतात, देवापुढं जीभ उचलत न्हाई. म्हणून 'मी म्हणतो' असं सांगून फसवून आनतो."

हे खरं, की ऐनवेळी सुचलेलं? माझं मन अजून निम्मं-निम्मं आहे. मी म्हटलं, "मग तिनं नाव घेईपर्यंत तुमी तिचं गाणं दुसऱ्या गावात म्हणायचं न्हाई." ते हसून म्हणाले, "व्हय."

विजया घरी वाट पाहत असेल. नाव चोरीला गेलं, असंच धरून बसली असेल. आजच्या वाती राहू देत. आता तिच्याकडं जाऊन सांगायचंय, की पुढच्या सोमवारी तिनं देवळात यायचं.