आधी पाठ पाहा

रविवार, २० नोव्हेंबर १९८८. सकाळी दहा, बर्व्यांचे घर, जयपूर.
हजर: श्री. बर्वे (विमा अधिकारी, कॉम्प्युटर यांचा), श्री. गजभिये (रेल्वे), मी (महाराष्ट्र मंडळाची कार्यवाह).
विषय: कीबोर्डची निवड.

माझ्या वहीत त्या दिवसाचं एवढंच आहे. वहीत नाही ते असं, की चहा आल्यावर गजभियेजींनी कपाला नखानं टिचकी मारली, कान दिला आणि कप ट्रेमध्ये परत ठेवला. “वहिनी, हा बदला. याले तडा आहे.” बर्वेवहिनींनी कप खिडकीच्या उजेडात धरून फिरवला. तडा काही दिसला नाही. पुढच्या आठवड्यात तोच कप कानापासून तळापर्यंत उभा चिरला.

गजभियेजी मूळचे नागपूरकडचे. जयपूर स्टेशनात गाडी थांबली की हातोडी घेऊन एका बाजूनं चालत जायचं, प्रत्येक चाकावर ठोका घालायचा आणि आवाजावरून चाक धड आहे की फुटलेलं ते सांगायचं, हे त्यांचं काम. अठरा डब्यांची गाडी, एका बाजूला बहात्तर चाकं, परत येताना दुसऱ्या बाजूची बहात्तर. घरी, दुकानात, मंडळाच्या सभेतही त्यांचा हात थांबत नसे. खुर्ची, माठ, दाराची चौकट, काहीही ते बोटानं वाजवून बघत.

या चालण्यातून त्यांना एक चाल सुचली होती. एकशे चव्वेचाळीस चाकं, एकशे चव्वेचाळीस सूर. ती त्यांनी पेटीवर बसवायला घेतली आणि त्याच वर्षी दोन डब्यांची जोडणी करताना उजव्या हाताची दोन बोटं चेपली. बोटं राहिली, पण वाकेनात. ते चाल पेटीवर वाजवत ती एकेक सूर थांबत थांबत, आणि प्रत्येक वेळी म्हणत, “हे तं यार्डात ढकललेले डबे झाले. गाडी अशी नाही जात, बाई.” गाडी कशी जाते ते त्यांच्याखेरीज कोणी ऐकलं नव्हतं. खरं तर त्यांनीही ते डोक्यातच ऐकलं होतं.

बर्व्यांच्या भावानं परदेशातून टीव्हीला जोडायचा एक कॉम्प्युटर आणून दिला होता. त्याच्या माहितीपुस्तकात असं होतं की ‘मिडी’ नावाची सोय असलेला कीबोर्ड त्याला जोडला, तर तुम्ही कितीही सावकाश वाजवा, कॉम्प्युटर सगळं लक्षात ठेवतो आणि म्हणाल त्या वेगानं परत वाजवतो. मी हे मंडळाच्या सभेत वाचून दाखवलं. गजभियेजींनी ते पान माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मंडळाला कार्यक्रमांसाठी कीबोर्ड हवाच होता. हाताशी पैसे बेताचे होते, म्हणजे निवड चुकून चालणार नव्हती. म्हणून मी यादी केली: पट्ट्या पूर्ण मापाच्या; किमान चार सप्तकं; मागे पाच भोकांची गोल खाच, कारण पुस्तकातल्या चित्रात मिडीची खाच तशी होती.

मग आम्ही तिघं वाद्यांच्या दुकानात गेलो. पहिला कीबोर्ड काढला तेव्हा सेठजी म्हणाले, “साहब, इसमें सौ रिदम हैं.” आणि बटण दाबून एकेक ऐकवायला लागले. गजभियेजींनी कीबोर्ड उचलला आणि उलटा केला.

“आधी पाठ पाहा,” ते मला म्हणाले. “तोंड तं सगळ्यायचंच गोड असते.”

पाठीला फक्त विजेची तार होती. तो बाद झाला.

“गजभियेजी,” बर्वे म्हणाले, “मुलगी बघायला गेलात तेव्हाही असंच केलंत का?”

“मी कायले करतो? तिनंच माही पाठ पाहून घेतली. वजन उचलणारा दिसते म्हणाली, मंग हो म्हणाली.”

दुसरा अगदी छोटा होता. खाच होती, शेजारी ‘मिडी’ असं छापलेलंही होतं, पण पट्ट्या लहान मुलांच्या मापाच्या. गजभियेजींचं ताठ बोट एका वेळी दोन पट्ट्यांवर पडे. त्यांनी तीनदा प्रयत्न केला आणि हात खिशात घातला. तिसरा जुना, वापरलेला, पट्ट्या मोठ्या. त्यांनी एक पट्टी हळू दाबली, मग जोरात. आवाज तेवढाच.

“हा ऐकत नाही,” मी म्हटलं.

“बहिरा असला तरी चालन. कॉम्प्युटरपाशी मुका नको.” त्यांनी तो उलटा केला. पाठीवर पाच भोकांची गोल खाच होती. वरची अक्षरं घासून गेली होती. मी यादीत तिन्ही ठिकाणी बरोबरच्या खुणा केल्या. तिसरा घेतला.

कीबोर्ड मुकाच निघाला. बर्व्यांनी तार जोडली, काढली, पुन्हा जोडली. पट्टी दाबली की कीबोर्डचा स्वतःचा आवाज येई, पण टीव्हीच्या पडद्यावर काही हलेना. शेवटी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या माणसाला बोलावलं. त्यानं खाच पाहिली आणि सांगितलं की ही टेपरेकॉर्डर जोडायची, तिलाही पाच भोकंच असतात. मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. तो छोटा कीबोर्ड विकला गेला होता, आणि आमचा, वापरलेला असल्यामुळे, सेठजी परत घेणार नव्हते.

यादी माझी होती. मी भोकं मोजली, नाव शोधलं नाही. हे सांगायला मी गजभियेजींच्या क्वार्टरवर गेले. ते दाराच्या चौकटीवर बोटानं ठोकत राहिले. मग म्हणाले, “पाठ तं मीच पाह्यली ना, बाई. नाव विचारलं नाही. दोघायची चूक आहे, अर्धी अर्धी घेऊ.”

त्या रात्री मी माहितीपुस्तक शेवटपर्यंत वाचलं. मागच्या पानांवर एक तक्ता सापडला. कीबोर्ड नसला तरी सूर आकड्यांनी भरता येतात, मधला सा साठ धरायचा आणि पुढच्या प्रत्येक सुराला एक आकडा वाढवायचा. हे काम मला जमण्यासारखं होतं.

डिसेंबर ते फेब्रुवारी, दर रविवारी, बर्व्यांकडे. गजभियेजी मुक्या कीबोर्डवर एका बोटानं सूर वाजवत, मी तक्त्यात बघून आकडा वहीत लिही आणि बर्वे तो कॉम्प्युटरमध्ये भरत. घाई कोणाला नव्हती. एकदा एकाच सुरावर सगळी सकाळ गेली. “हे सतरावं चाक,” ते म्हणाले, “याच्यावर ऊन पडलेलं असते. ऊन लागलेलं लोखंड वेगळं बोलते.” पुढल्या बुधवारी मी बँकेतून अर्धी रजा काढून स्टेशनवर गेले. मला सगळी चाकं सारखीच ऐकू आली. पण त्या दिवसापासून मीही कप वाजवून चहा घेते.

एकशे चव्वेचाळिसावा आकडा भरला त्या सकाळी त्यांच्या पत्नी शांताबाईही आल्या होत्या. बर्व्यांनी वेग वाढवून बटण दाबलं. चाळीस सेकंद, त्याहून जास्त नाही. सूर एकमेकांत मिसळत आले, मध्ये भरून वाहिले आणि शेवटचा डबा पुढे निघून जावा तसे विरले. गजभियेजींनी डोळे मिटले होते आणि डावा हात गुडघ्यावर हातोडीसारखा पडत होता. मध्ये कुठेतरी तो हात एकदा अडला. मी पाहिलं.

“गेली,” ते म्हणाले. थोड्या वेळानं, “बाई, एक चाक फुटकं आहे.”

“कितवं? आत्ताच बदलते.”

“मधात आहे. असं नाही सांगता येत, हातानं दाखवा लागते. पुढल्या रविवारी. आज पूर्ण गाडी जाऊ द्या.”

ती त्यांनी आणखी चार वेळा ऐकली. शांताबाई म्हणाल्या, “आता पुरे, बर्वेसाहेबायले जेवू द्या.” तेव्हा ते हसत उठले, जाताना दार वाजवून गेले.

शुक्रवारी सकाळी ड्युटीवर निघताना त्यांच्या छातीत दुखलं. दुपारपर्यंत ते गेले.

मी आकडे वहीशी ताडून पाहिले आहेत, दोनदा. सगळे जुळतात. म्हणजे एक तर ते वाजवताना चुकले, किंवा मी लिहिताना. शांताबाईंना ऐकवलं. “मले तं सगळंच बरोबर लागते,” त्या म्हणाल्या. बर्वे म्हणतात, फुटका सूर शोधायचं काम आता यादीतून काढून टाका. मी काढलेलं नाही. दर रविवारी एकच आकडा बदलते, पूर्ण गाडी ऐकते, आकडा पूर्ववत करते. हात कुठे अडला ते आठवायचा प्रयत्न करते. बर्व्यांची बदली इंदूरला झाली आहे, पुढल्या वर्षी मार्चमध्ये कॉम्प्युटर त्यांच्याबरोबर जाईल. तेवढ्या वेळात सगळे आकडे बदलून होणार नाहीत, म्हणून आता मधल्यांपासून सुरुवात केली आहे.

या रविवारी: त्र्याहत्तरावं चाक, परतीच्या बाजूचं पहिलं. बदलून ऐकलं. ते नव्हे.

फुटका सूर शोधणे: बाकी.