लेकीशी बोलायला शिकताना

लग्न होऊन मी वर्ध्याहून जबलपूरला आले, खमरियाच्या फॅक्टरी-क्वार्टरमध्ये. नवरा गाडी घेऊन फॅक्टरीत गेला की संध्याकाळपर्यंत घरात मी एकटीच. हिंदी समजायची, पण तोंडातून निघत नसे. शेजारणी चांगल्या होत्या. मीच दार लावून बसायची.

पहिल्याच वर्षी दिवस राहिले. एकटीसाठी काय रांधायचं, म्हणून दुपारी चहा-टोस्टवर भागवायची. रक्त कमी निघालं, लोहाच्या गोळ्या मिळाल्या. त्यांनी मळमळायचं, म्हणून निम्म्या खाल्ल्याच नाहीत. आई फोनवर विचारायची, "जेवली का?" मी हो म्हणायची.

मुलगी महिनाभर आधी झाली, पावणेदोन किलोची. नर्सनं तिला माझ्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून शाल पांघरली. "ऐसे ही रखिए, दीदी. आपकी गर्मी से बढ़ेगी." मी दिवसदिवस तशीच बसून राहायची. बाळंतपणाला आलेली आई होती तोवर घरात आवाज होता. सव्वा महिन्यानं ती परत गेली.

मग मी पोरीला पाजायची, न्हाऊ घालायची, झोपवायची, सगळं एक शब्दही न बोलता. भांडी घासताना उगीच रडू यायचं. नवऱ्याला वाटे, थकली असेल. नववा महिना लागला तरी पोर नीट बसत नव्हती, हुंकारही देत नव्हती. तेव्हा सदर बाजारातल्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

त्यांनी वजन केलं, डोकं मोजलं, कान तपासायला पाठवलं. कान ठीक निघाले. मग त्यांनी विचारलं, "दिन भर इससे बात कौन करता है?"

नवरा माझ्याकडे पाहत राहिला.

"और आपसे?"

मी तिथंच रडले. बाईंनी पाणी दिलं आणि शांतपणे समजावलं. पोर पोटात असल्यापासूनच कमजोर आहे, तिला पोटभर खाणं हवं. पण या वयात मेंदू चेहरे बघून, बोलणं ऐकूनही वाढतो. आईचं मन आजारी असेल तर ते तिच्यापर्यंत पोचतं. औषध दोघींना लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला ओट्याजवळ चटईवर बसवलं, मागं उशा लावल्या. "हे पाह्य, भोपळा चिरून राहिली मी." स्वतःचाच आवाज परका वाटला. ती नुसती बघत होती. असे कित्येक दिवस गेले. संध्याकाळी नवरा यायचा आणि माझ्यासमोर बसून विचारायचा, "काय काय केलं आज?" आधी तो असं विचारत नसे.

एकदा बोलता बोलता मी लायटर शोधायला थांबले, तर मागून "आं" असा आवाज आला. मी वळून पाहिलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी पुन्हा बोलायला लागले, तशी ती गप्प झाली.

चालली दीड वर्षाची झाल्यावर, बोलली अडीच वर्षांची झाल्यावर. आता तिसरीत आहे. प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यात पुढं, कारण सगळ्यात बुटकी. गणित उशिरा कळतं. त्यातलं किती माझ्यामुळे, हे डॉक्टरबाईंनाही सांगता येत नाही. मी विचारणं सोडलं, पण मनातून जात नाही.

ती शाळेत गेली की घर अजूनही फार शांत असतं. दुपारी येते, दप्तर टाकते. मी मराठीत विचारते, "भूक लागली का?"

"हाँ, बहुत," ती म्हणते. मी पोळ्या टाकायला घेते.