चिंगताईचा पगार

सू-चिंगला आम्ही सगळ्या बायका चिंगताई म्हणायचो. तैवानातल्या ताइनान शहरात, मासळी बाजारामागं आमची शेड. साबाही मासे चिरून, काटे काढून हॉटेलांना पाठवायचे, हे काम. एकेका माशात दोनशेच्या वर काटे असतात, पण ताईच्या चिमट्याखालून गेलेल्या माशात एकही सापडायचा नाही. तेवीस वर्षं ती एकाच स्टुलावर बसत होती. लग्न केलं नाही. धाकटा भाऊ पांगळा, तो आश्रमात; तिथला खर्च हिच्याकडे. दर रविवारी ही त्याची दाढी करायला जायची. तोंड मात्र तिखट. मी साफ केलेला पहिला मासा उचलून म्हणाली होती, "यू-फेन, हा आधीच मेला होता गं. तू परत कशाला मारलास?"

हाताला धरून काम शिकवलं ते तिनंच.

चौथ्या वर्षी माझ्या नवऱ्याचा गुडघा गेला आणि त्याचं स्कूटरवरून माल पोचवणं बंद झालं. घर माझ्या एकटीवर आलं. माझा उतरलेला चेहरा बघून ताई मला जेवणाच्या सुट्टीत बर्फाच्या खोलीमागं घेऊन गेली.

"पगार वाढवून माग. मालक देतो. मला आठ वर्षं महिन्याला चार हजार जास्त देतोय."

मी बघतच राहिले. पगार एकमेकींना सांगायचा नाही, हे मालकानं कामावर घेतानाच प्रत्येकीला बजावलेलं.

"माझं नाव घेशील तर बघ," ती म्हणाली.

"मी काय वेडी आहे का?"

वेडी नव्हते, भित्री होते. मालक होंगशेठ आणि मालकीणबाई, दोघंही समोर बसले. बाईंनी चहा ओतला, नवऱ्याच्या गुडघ्याची चौकशी केली, सणाला दिलेली पपनसं गोड होती ना, म्हणून विचारलं. आपण सगळे एकाच घरचे, असं तीनदा म्हणाल्या. घोकून आणलेली माझी वाक्यं कुठल्या कुठं गेली. कसंबसं मागितलं, तर होंगशेठ हसले.

"तुला वाढवून दिले तर बाकीच्या मला जगू देतील का? इथं सगळ्यांना सारखाच पगार."

तेव्हाच उठून यायचं होतं. पण आपण खोट्या पडतोय, असं वाटलं मला.

"चिंगताईला देता की चार हजार जास्त."

मालकीणबाईंनी किटली खाली ठेवली. "कोण म्हणालं?"

"तिनंच सांगितलं."

हे दुसरं वाक्य तरी मी गिळायला हवं होतं. ते आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात.

पुढच्या महिन्यात माझे दोन हजार वाढले. ताईनं तिचं पगाराचं पाकीट तिथंच उघडलं, पाहिलं आणि एप्रनच्या खिशात सरकवलं. होंगशेठ जाता जाता आम्हा दोघींपुरतं म्हणाले, "आता दोघींना सारखंच." म्हणजे त्यांच्या खिशातून छदामही गेला नव्हता. माझी वाढ ताईच्या पगारातून काढली होती.

"मिळाली ना वाढ?" ताई म्हणाली. "बरं झालं."

तिनं चारचौघींत माझा उद्धार केला असता तर मी तिचे पाय धरले असते. पण ती गप्प, म्हणून मीही गप्प. महिन्याभरानं दुसरीकडून कळलं की भावाला दोन खाटांच्या खोलीतून सहा खाटांच्या खोलीत हलवलंय, आणि तिथं त्याला झोप लागत नाही. एका रविवारी माफी मागायची म्हणून संत्री घेऊन निघाले. आश्रमाच्या फाटकापर्यंत गेले आणि मागं फिरले. ती संत्री आम्ही घरात खाल्ली. लाज वाटते सांगायला, पण गोड निघाली.

गेल्या वर्षी मेई-चू कामावर लागली. पन्नाशीची, विधवा बाई. एक दिवस काटे काढता काढता तिनं हळूच विचारलं, "ताई, इथं मागितलं तर पगार वाढवून देतात का हो?"

ताईनं मान वर केली नाही. "यू-फेनला विचार."

मेई-चू माझ्याकडे वळली. ताईचा हात थांबला होता. खरं बोलायला यापेक्षा चांगली वेळ येणार नाही, एवढं मलाही कळत होतं.

"नाही देत," मी म्हणाले. "मला तर कधीच नाही मिळालं."

ताईनं पुढचा मासा ओढून घेतला.

"ऐकलंस ना?" ती मेई-चूला म्हणाली. "इथं कुणाला काही विचारू नकोस. आणि कुणाला काही सांगूही नकोस."