दक्षिणेकडून मोकळी जागा

पत्नी गेल्यावर मी देवापुढे दिवा लावणं सोडून दिलं. राग म्हणा, आळस म्हणा. काळेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत तिच्या हयातीत एकच बेत शिजत असे: मे महिन्यात कन्याकुमारीला जायचं आणि समुद्रावर त्रिशंकूचे चार तारे बघायचे. आपल्या इथून ते क्षितिजाला टेकलेले असतात. जसजसं दक्षिणेला जावं तसे वर येतात. आमच्या गच्चीवरून तर शहराच्या उजेडात दिसतच नाहीत. ती गेली, तरी मी वेड्यासारखा बेत आखतच राहिलो. चाकणच्या कंपनीतून रजा मिळाली, तिकीट निघालं, आणि मग मात्र माझा धीर सुटला. थोरली बहीण फोनवर म्हणाली, "दक्षिण म्हणजे यमाची दिशा. एकट्यानं तिकडं कशाला जातोस?" मी हसून विषय टाळला, पण तिचं बोलणं मनात रुतून बसलं.

शेवटी ठरवलं, आधी इथंच कुठंतरी ते तारे शोधायचे. एकट्याला बघवले तर जायचं, नाहीतर तिकीट रद्द. आदल्या दिवशी वळीव पडून हवा स्वच्छ झाली होती. सुट्टी होती म्हणून संध्याकाळी दुचाकी काढली आणि तळेगाव दाभाड्याच्या पुढे गेलो. थांबावं तिथं दक्षिणेला काहीतरी आडवं यायचं. कुठं गोदाम, कुठं इमारत, कुठं जाहिरातीचा झगझगीत फलक. बांधावर एक टोपीवाले वयस्क गृहस्थ बसले होते. त्यांना विचारलं, "काका, इथं दक्षिणेकडून मोकळी अशी जागा आहे का कुठं?"

त्यांचा चेहरा खुलला. "हाय की. आमचाच पलाट हाय. दक्षिणमुखी म्हनून कुनी घेत न्हाई. तुमाला चालंल ना?"

मी खुलासा करायच्या आत ते गाडीवर मागे बसलेसुद्धा.

जागा खरंच मोकळी होती. वास्तुशास्त्राच्या धास्तीनं तिथं एकही घर उठलं नव्हतं. पार डोंगरापर्यंत एक दिवा नाही. कोपऱ्यात शेंदूर लावलेला मारुती होता, त्याचंही तोंड दक्षिणेला. आता मात्र मी कबूल केलं, की मला प्लॉट नको, तारे बघायचेत. का बघायचेत ते सांगताना बायकोचंही सगळं सांगून बसलो. वाटलं, काका आता चिडणार.

ते मारुतीपुढचा पाचोळा हातानं सारत राहिले. मग म्हणाले, "आमची बी गेली. तवापास्नं रोज हितं येऊन बसतो. त्या दिशेला समदी पाठ करत्यात, ह्यो एकला तिकडं बगतोय. आपली मानसं तिकडंच गेली म्हनत्यात, तर कुनीतरी लक्ष ठेवाया पायजे का न्हाई?"

अंधार पडला आणि डोंगराच्या माथ्यावर ते चार तारे दिसले, अगदी मारुतीच्या नजरेसमोर. मी मनसोक्त रडलो. काका शेजारी नुसते बसून होते. किती महिन्यांनी माझ्याशेजारी कुणीतरी असं बसलं होतं. माझे हात कधी जोडले गेले, ते मलाच कळलं नाही.

मारुतीनं मला तिथं नेलं, की काकांच्या गैरसमजानं, हे मी ठरवत बसत नाही. मी तर देवाकडे काही मागायचंच सोडलं होतं. तरीही जिकडे बघायची मला भीती वाटत होती, तिकडे तो आधीपासूनच बघत होता. आता तिची काळजी त्याच्यावर सोपवली, एवढंच.

निघताना काकांनी विचारलं, "तिकडं गेल्यावर ते तारं वर येत्यात म्हनता?"

"हो, चांगले वर येतात."

"मग माज्यातर्फे बी बगा."

मी गेलो. कन्याकुमारीच्या समुद्रावर त्रिशंकू खरंच चांगला वर आला होता. मी तिचं नाव घेऊन नमस्कार केला. मग काकांच्या वतीनं दुसरा केला. त्यांच्या बायकोचं नाव विचारायचं राहूनच गेलं होतं, म्हणून नुसतं 'काकू' म्हणालो.