रास्कचा कोट

एकेरीड गावात गुनिल्लाला तिच्या नावानं हाक मारणारं फारसं कुणी नव्हतं. 'रास्कची बायको' म्हटलं की झालं. आता हा रास्क कोण म्हणाल, तर एक नव्हे, तीन. स्वीडनात रीतच तशी. चार शेतकऱ्यांनी मिळून राजाला एक शिपाई द्यायचा, त्याला झोपडी, जमिनीचा तुकडा आणि एका गाईची वैरण द्यायची. मग त्या चौघांच्या घरातलं माणूस लढाईवर जायचं नाही. शिपायाचं नाव मात्र झोपडीचं असायचं. या झोपडीचं नाव रास्क. एक रास्क मेला की दुसरा यायचा, आणि तोही रास्कच व्हायचा.

आणि मेलेल्याची बायको? तिनं बोचकं बांधायचं, नाहीतर नव्याशी लग्न करायचं. गुनिल्लानं असं दोनदा पुन्हा लग्न केलं. हौस म्हणून नव्हे हो! पदरात पोरगा टॉर्केल, बाहेर गुडघाभर बर्फ, जाणार कुठं बिचारी? पहिला रास्क, टॉर्केलचा बाप, पोलंडात तापानं गेला. दुसरा तिथंच गोळी लागून. तिसरा रशियात थंडीनं गारठून मेला. तिसरा स्वभावानं भला होता. त्याची खबर आली तेव्हा ती मनापासून रडली.

तिघांचेही निळे कोट तिनंच शिवले होते. गावात तिच्यासारखी शिवणारी दुसरी नव्हती.

एकदा सुया विकणारा फेरीवाला तिच्या चुलीशी शेकत बसला होता. बराच मुलूख हिंडलेला माणूस. म्हणाला, "मावशी, तुमचा राजा सारखा का हो लढतो? हॉलंडात लढाईचं नाव काढा, व्यापारी आधी थैलीचं तोंड आवळतात. मग भांडत बसतात महिनोन्‌महिने."

गुनिल्ला लापशी ढवळत होती. "त्यांना शिपाई विकत आणायला लागतो ना? आमच्याकडं गावोगाव पोसून ठेवलाय. खुंटीला विळा तयार असला की बांधावरचं गवतसुद्धा वाढल्यासारखं दिसतं, बाबा."

"पण पाद्रीबाबा तर म्हणतात, धर्मासाठी लढतोय."

"म्हणेनात का! पाद्रीबाबांना कोट शिवावे लागत नाहीत."

तिसरा गेला त्याच हिवाळ्यात होकन आला. चौघा शेतकऱ्यांतला हा थोरला. त्याच्या काखेत निळ्या कापडाचा गठ्ठा होता.

"कोट शिवायचाय, गुनिल्ला."

"कुणाचा?"

"शिव तर खरी. जरा सैल ठेव, पोर अजून वाढतंय."

बाहेर टॉर्केल लाकडं फोडत होता. गुनिल्लानं दाराकडं वळून बघितलं.

"होकन, तीन दिलेत मी."

"ते नवरे होते, आणि तेही आम्हीच आणलेले. हे बघ, टॉर्केल रास्क झाला तर तू मरेपर्यंत या घरात राहा. नसेल व्हायचं, तर घर रिकामं कर. आम्हाला माणूस द्यायलाच लागणार. नाही मिळाला तर आमच्यातलाच नेतील."

गुनिल्लानं त्याच्याकडं पाहिलं, मग कापडाकडं. "ठेव," एवढंच म्हणाली.

रविवारी चर्च सुटल्यावर चौघेजण होकनच्या अंगणात जमले. टॉर्केलला कोट चढवला. बाह्या मनगटाच्या वर आणि छातीवर बटण लागेना. सगळे खो खो हसले.

"काय गं, म्हातारी झालीस का?" होकन म्हणाला.

"तुझ्या ओलोफला घालून बघ की."

होकनचा मुलगा ओलोफ हसतच पुढं आला. कोट घातला, बटणं लावली. बेतून शिवावा तसा बसला. हसू एकदम थांबलं.

"नीटच शिवलाय मी," गुनिल्ला म्हणाली. "आणि चूल विझवून आलेय. झोपडी तुमची तुम्हाला लखलाभ."

बोचकं तिनं कुंपणापाशी ठेवलंच होतं. माय-लेक तडक निघाले ते जंगलात, तिच्या भावाच्या कोळशाच्या भट्टीवर. झोपडीच सुटली, मग टॉर्केलला धरणार कशाच्या जोरावर?

होकननं माणूस शोधायला आजूबाजूची गावं पालथी घातली. पण पोरं उरली होती कुठं! जी होती ती आधीच कुठल्या ना कुठल्या झोपडीचं नाव लावून बसलेली.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा होकनची बायको बोतिल भट्टीवर आली. हातात तोच कोट. गुनिल्ला दारातच उभी राहिली.

"शिव्या द्यायला आलीस ना? दे."

बोतिलनं मान हलवली. "ओलोफ रास्क झाला. पुढच्या आठवड्यात निघायचंय. तुझा तिसरा थंडीनं गेला ना गं? याला आतून मेंढीचं कातडं लावून दे. माझा टाका सरळ पडत नाही."

मागं टॉर्केल शीळ वाजवत भट्टीवर माती लिंपत होता. आपलं पोर वाचलं हा गुनिल्लाचा सगळा आनंद त्या क्षणी मावळला. तिला रडू आलं, पण ती रडली नाही. बोतिलला चुलीशी बसवलं, कोट मांडीवर घेतला आणि बगलेतली शिवण उसवायला लागली.

"जरा सैल करते," ती म्हणाली. "पोर अजून वाढतंय."