बारा टाक्यांची पंगत

पीएचडीच्या आठव्या वर्षी मी माशांशी बोलणं सोडून दिलं होतं. आधी बोलायचे.

विषय तसा सोपा होता. पाळलेल्या माशांच्या खाण्यात चिकोरीच्या मुळांतून काढलेलं एक पीठ मिसळायचं. माशाला ते पचत नाही, पण त्याच्या आतड्यातले चांगले जिवाणू त्यावर पोसतात. ते पोसले की माशाची प्रतिकारशक्ती वाढते का, हे बघायचं. लग्नकार्यात हे सांगितलं की नातेवाईक विचारायचे, म्हणजे सुरमई स्वस्त होणार का. मी हो म्हणायचे. वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं.

अंधेरीतल्या कॉलेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझ्या बारा टाक्या होत्या, प्रत्येकीत रोहूची बोटाएवढी पिल्लं. सहा टाक्यांना पिठाचं खाद्य, सहांना साधं. साठ दिवसांनी सगळ्यांना रोगाचे जंतू टोचायचे आणि कुठली किती जगतात ते मोजायचं. मिळालेली मुदतवाढ शेवटची होती. हा प्रयोग फसला की आठ वर्षं वाया.

पंचेचाळिसाव्या दिवशी मला डेंग्यू झाला. मुलुंडच्या घरी दहा दिवस पडून होते. तेवढे दिवस खाद्य मामांनी घातलं. मामा म्हणजे शेडचे शिपाई, मूळचे मालवणकडचे, राहायला विक्रोळीच्या चाळीत, निवृत्तीला चार महिने उरलेले. रोज फोन करून माझी चौकशी करायचे आणि मासे मजेत आहेत म्हणून सांगायचे.

परत येऊन बघते तर साध्या खाद्याचा डबा होता तसाच भरलेला आणि पिठाच्या खाद्याचा डबा तळाला गेलेला. मामांना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. दहा दिवस बाराही टाक्यांना त्यांनी पिठाचंच खाद्य घातलं होतं.

"एका पंगतीक बसवलंस आणि अर्ध्यांक येगळा? असा वाढूचा नसता गो."

मी नको नको ते बोलले. ही तुमच्या गावची जेवणावळ नाही, असंही म्हणाले. आवाज चढला आणि रडूही आलं, त्यामुळे अजूनच संताप झाला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, इतकी वर्षं पोरापोरींच्या प्रयोगांत साध्या टाक्यांतली मेलेली पिल्लं जाळीने तेच काढत आले होते. नोकरीतून जाता जाता पुन्हा तेवढं नको होतं. माझा राग गेला नाही.

माझ्या गाइड मॅडमना मी सांगितलं की सूचना मीच चुकीच्या लिहून ठेवल्या होत्या. खोटं का बोलले, मला अजून नीट कळलेलं नाही. निवृत्तीच्या तोंडावर त्यांना मेमो मिळाला असता, हे एक. शिवाय दुसऱ्याला दोष द्यायलाही दम लागतो. मॅडमनी विद्यापीठात खेटे घालून अजून सहा महिने मिळवले.

नवी पिल्लं आणली. या वेळी साठही दिवस खाद्य मीच घातलं, एक दिवस न चुकता. जंतू टोचले तोवर मामा निवृत्त होऊन गावी गेले होते. पीठ खाल्लेली बहुतेक पिल्लं जगली. साध्या टाक्या आठवडाभरात जवळजवळ ओस पडल्या. आलेख इतका स्वच्छ आला की मॅडम चक्क हसल्या. मला नुसतं झोपावंसं वाटत होतं.

त्या आठवड्यात मामांचा फोन आला. पीठ लागू पडलं, माझं काम झालं, असं मी सांगितलं. ते मनापासून खूश झाले. मग विचारलं,

"आणि बाकीची?"

"मीच काढली, मामा. रोज सकाळी."

 

"जेवलंस काय गो तू?" त्यांनी विचारलं.

दुपारचे चार वाजून गेले होते, पोटात नुसता सकाळचा चहा होता. मी हो म्हटलं.